निर्भेळ आवाज

सुरुचीने चिमट्यात धरलेला रेझिस्टर बोर्डावर टेकवला आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या कडेला नेलं. कथिल वितळलं, चमकलं आणि निवलं. रेझिस्टर तिळाएवढा होता. त्याच्या शेजारी तसाच दुसरा तिने जेवणाआधीच बसवून ठेवला होता. ती श्वास रोखून काम करत होती, कारण नुसत्या श्वासानेही असा तीळ उडतो आणि मग फरशीवर रांगावं लागतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"टेबल मला चहाच्या वेळेला मोकळं लागेल," सुनीती स्वयंपाकघरातून म्हणाली. "चहात कथिल नको."

"झालंच, आई."

"हे तू कालही म्हणालीस."

बोलून झाल्यावर सुनीतीने बोलण्यात क्षणभर जागा सोडली. तिलाही ते कळलं नसावं. त्या जागेत पूर्वी गॅलरीतून सुरुचीच्या बाबांचं, दीनानाथांचं, एखादं वाक्य येऊन बसायचं. आता ते खुर्चीत पेपर धरून होते, आणि पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

पेठेतल्या एका वाचनालयात दीनानाथांनी सगळी नोकरी देवघेवीच्या टेबलामागे काढली होती. महिनोन्‌महिने पुस्तक दाबून ठेवणारा सभासद अवतरला की ते चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "अरे वा, परत आणलंत? आम्ही तर सुतक धरलं होतं." माणूस खजील व्हायचा आणि हसतही सुटायचा, कारण शेवटच्या शब्दाला ते आवाज जरासा खाली उतरवत. त्या उतारात पाठीवर हात ठेवल्यासारखं काहीतरी होतं. काही सभासद मुद्दाम उशीर करतात, असं वाचनालयात बोललं जाई.

मागल्या वर्षी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. श्वास आता गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून चालायचा, आणि त्यावर जाळीचा पांढरा रुमाल असायचा. इस्पितळातून येताना टॉर्चएवढं एक नळकांडं बरोबर आलं. ते गळ्याला लावून बटण दाबलं की भुणभुण सुरू व्हायची, आणि तोंड नेहमीसारखं हलवलं की त्या भुणभुणीतून शब्द बाहेर पडायचे. दीनानाथांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव भोंगा ठेवलं.

भोंग्यातून शब्द कळत. पण सगळे एकाच सुरात, एका उंचीचे, गिरणीतून पीठ पडावं तसे. वाण्याकडे जाऊन त्यांनी अर्धा किलो रवा मागितला तेव्हा वाण्याने आधी स्वतःचा फोन पाहिला, मग मागच्या टीव्हीकडे पाहिलं. दीनानाथ रवा घेऊन आले आणि त्यानंतर इमारतीखाली उतरले ते फक्त तपासणीसाठी. पुढे एका सकाळी सुनीतीने उपमा केला. ते भोंगा लावून म्हणाले, "छान झालाय." सुनीतीने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. "नसेल आवडला तर राहू दे. त्यासाठी मशीन कशाला लावायला हवं?" ती म्हणाली. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. ते पहिल्यासारखंच वाटलं. त्या दिवशी भोंगा कपाटात गेला आणि टेबलावर पांढरी पाटी आणि मार्कर आला.

सुरुचीने एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सला केलं होतं आणि बाणेरच्या एका कंपनीत सेन्सरचे बोर्ड बनवायच्या कामाला ती लागली होती. ताटली ओट्यावर ठेवल्याचा आवाज तिने आतल्या खोलीतून ऐकला होता. त्याच आठवड्यात तिने भोंगा खोलला.

कल्पना साधी होती. आवाजाची उंची ठरवणारा भोंग्यातला रेझिस्टर ठरावीक होता, म्हणून सूरही ठरावीक. त्याच्या जागी विजेने बदलता येणारा रोध बसवायचा. अंगठ्याखाली दाब ओळखणारी चकती द्यायची. दाबलं की सूर चढेल, सैल सोडलं की उतरेल. शेवटच्या शब्दाला अंगठा जरा सैल सोडला, की झालं.

पहिला नमुना पंधरवड्यापूर्वी तयार झाला. दीनानाथांनी तो गळ्याला लावला, अंगठा खालीवर करून पाहिला आणि सुरुचीकडे बघत म्हणाले, "याला खोकला झालाय. आधी याला डॉक्टरकडे ने."

शब्द आले होते, आणि शेवटी उतारही. सुनीती पदर तोंडाला लावून हसली. पण अंगठ्याचा जोर वाढला की मधूनच चर्र होत होतं, जुन्या लाउडस्पीकरसारखं. प्रत्येक चरचरीला दीनानाथांचा डोळा बारीक होई. त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलून पाहिली, भोंगा खाली ठेवला आणि पाटी ओढून लिहिलं: "नको. फाटतो."

"बाबा, थोडंसंच आहे. काढते मी."

त्यांनी "फाटतो" खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये तिने चेतनला मोजमाप दाखवलं. चेतन तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा आणि कुणाचंही सर्किट दिसलं की चहा विसरायचा.

"सहा टक्के डिस्टॉर्शन?" तो म्हणाला. "गणपतीचा मंडप लावतेयस का घरी?"

"बाबांचा आवाज आहे."

चेतनने कप बाजूला सरकवला. मग तिच्या वहीतली सर्किटची आकृती जवळ ओढली.

"हा तुझा ट्रान्झिस्टर रेझिस्टर म्हणून वापरलायस ना, तो स्वतःवरच रिअ‍ॅक्ट होतोय," तो म्हणाला. "तू बाहेरून सांगतेस इतका रोध दे, पण आतून जाणारा सिग्नल पण त्याला ढकलतो. समज, नळातून पाणी जोरात आलं की तोटी आपोआप थोडी फिरते. मग वरचा अर्धा भाग वेगळा, खालचा वेगळा. वेव्ह वाकडी."

"ते कळलंय मला. थांबवू कसं?"

"जुनी ट्रिक आहे. अर्धा सिग्नल परत त्याच्याच गेटला दे." त्याने टिश्यूवर दोन रेझिस्टर काढले. "दोन सेम रेझिस्टर. जितकं ते बिघडवतं, तितकंच उलटं ओढायचं. पण अगदी सेम घे हां, उगाच ड्रॉवरमधले उचलू नकोस. आणि लेव्हल कमी ठेव. वेव्ह इतकी क्लीन येईल की बोअर होशील."

ती टिश्यू तिने घडी करून पर्समध्ये ठेवली. पुढच्या संध्याकाळी घरी आल्यावर ती मीटर लावून बसली आणि रेझिस्टरची पुडी एकेक करून मोजत गेली. तंतोतंत जुळणारी जोडी मिळाल्यावर तिने ती दोन तीळ वेगळ्या डबीत ठेवले, सोन्याच्या कुड्या ठेवाव्यात तसे.

आज तेच दोन तीळ बोर्डावर बसले होते.

तिने भोंग्याचं झाकण लावलं, बटण दाबून त्याचं तोंड स्पंजमध्ये गुंडाळून माइकसमोर ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर पूर्वी एक उंच काठी दिसायची आणि तिच्या उजवीकडे उतरत्या भाजणीत बुटक्या काठ्यांची रांग. उंच काठी म्हणजे मूळ सूर, बाकीची भेसळ. आता उंच काठी एकटी उभी होती. तिने अंगठ्याची चकती दाबली. काठी सरकत उजवीकडे गेली, पण एकटीच गेली. सोडली, परत आली. एक दशांश टक्क्याहून कमी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तिला इतका स्वच्छ आलेख कधी मिळाला नव्हता. तिने पडद्याचा फोटो काढला आणि चेतनला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: "झोप आली बघून. जबरदस्त."

मग खोलीचं दार लावून तिने भोंगा स्वतःच्या गळ्याला लावला. श्वास धरून, नुसतं तोंड हलवून ती म्हणाली: आई, चहा टाक. तिला ते स्पष्ट ऐकू आलं. चरचर नव्हती. दूर कुणी बासरी धरून ठेवावी तसा गोल, मऊ सूर होता. तिने पुन्हा म्हणून पाहिलं: बाबा, ऐका. तेही स्पष्ट.

चहा टेबलावर आला तेव्हा दीनानाथ गॅलरीतून आत आले. सुरुचीने भोंगा रुमालाने पुसून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, नेहमीची जागा चाचपली, अंगठा बसवला.

सूर निघाला आणि सुनीतीचा हात गाळण्यावरच थांबला.

इतका देखणा आवाज त्या घरात वर्षभरात झाला नव्हता. तो वर गेला, थोडा थांबला, हळूच खाली आला. दीनानाथांचे ओठ हलत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले. ते थांबले, भोंग्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. या वेळी लांब वाक्य होतं. सूर चढत गेला, मध्ये एक छोटी गिरकी घेतली, आणि शेवटी तोच, देवघेवीच्या टेबलामागचा उतार.

सुरुची ऐकत होती. पहिल्या वाक्याला तिला वाटलं आपलं लक्ष नव्हतं. दुसऱ्याला तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. तिसऱ्या वाक्याला ती खुर्ची ओढून पुढे वाकली.

एकही शब्द येत नव्हता. आ नव्हता, ई नव्हती. नुसती ऊंऊं होती, वर जाणारी आणि खाली येणारी.

तोंड शब्द घडवतं ते कशातून, हे तिने शिकताना वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आ हवा असेल तर तोंड त्या बुटक्या काठ्यांपैकी काही उचलून धरतं, ई हवी असेल तर दुसऱ्या. ज्या रांगेतून निवडायचं ती रांगच तिने साफ केली होती. पहिला नमुना फाटत होता म्हणूनच बोलत होता. आणि तिला स्वतःला शब्द ऐकू आले होते ते, आपण काय म्हणतोय हे तिला आधीच ठाऊक होतं म्हणून.

बाबांनाही ठाऊक होतं, ते काय म्हणत होते.

"बाबा," ती म्हणाली, "यात अजून थोडं काम..."

दीनानाथांनी मोकळा हात वर करून तिला थांबवलं. ते सुनीतीकडे वळून काहीतरी सांगत होते. गोष्ट असावी, कारण मध्येच त्यांनी चष्म्यावरून पाहिल्यासारखं केलं आणि कुणाची तरी मान हलवायची लकब करून दाखवली. मग सूर वर नेऊन अधांतरी ठेवला आणि अलगद सोडला. सुनीती हसली. बरोबर जिथे हसायचं, तिथेच हसली. दीनानाथांचे खांदे हलले. त्यांनी पाटी उचलली, तिच्यावरचं सकाळचं "रक्तदाबाची गोळी" तळहाताने पुसलं, आणि पाटी मार्करसकट कपाटावर ठेवून दिली.

सुरुचीने आईकडे पाहिलं. सुनीती चहा गाळत होती. कप भरला होता तरी गाळत होती.

दीनानाथांनी पुन्हा सूर धरला. या वेळी तो शेवटाला वर गेला. प्रश्न होता. ते थांबून सुनीतीकडे पाहू लागले.

सुनीतीने बशीतला सांडलेला चहा फडक्याने टिपला.

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, हळू, समजावून. सूर आधीपेक्षा मऊ होता.

"हो," सुनीती म्हणाली. "हो की."

दीनानाथ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, चहा दोन घोटांत संपवला आणि आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

सुरुची कप घेऊन स्वयंपाकघरात आईमागे गेली. नळ सोडून सुनीती पाण्याकडे पाहत उभी होती.

"तुला कळलं, काय म्हणाले?" सुनीतीने हळूच विचारलं.

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मला वाटलं माझेच कान गेले." सुनीतीने नळ बंद केला. "म्हातारपणी एकाचा गळा, एकीचे कान. म्हटलं, जोडी जमली."

"कान नाहीत गं. माझंच चुकलंय. आवाज साफ करायला गेले आणि शब्दही त्याच्याबरोबर गेले."

"परत येतील?"

"येतील. दोन तिळाएवढे रेझिस्टर काढले की येतील. पण मग पुन्हा फाटेल."

सुनीतीने कप विसळून पालथा घातला, पुन्हा उचलला, पुन्हा विसळला.

"मधे काही नाही का होत? थोडा साफ, थोडा फाटका?"

"होईल बहुतेक. करून बघायला हवं. पण बाबांना तो आवडेलच असं नाही. आणि आज नाही होणार, आई."

"मग आज नको सांगूस."

"सांगायला हवं. ते बोलतायत आणि आपण नुसतं..."

"पाटी पुसली त्यांनी," सुनीती म्हणाली. "पाहिलंस ना तू? पुसून वर ठेवली." तिने हात पदराला पुसले. "काय बोलले ते कळलं नाही मला. पण रागावलेले नव्हते. वर्षभरात पहिल्यांदा मला हे विचारावं लागलं नाही."

सुरुचीने नखाने ओट्यावरचा एक वाळलेला डाग खरवडला.

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

"दोनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा काय म्हणून विचारायला लावू?" सुनीतीने तिच्याकडे पाहिलं. "नाही म्हणायचं होतं का?"

बाहेर चपला घासल्याचा आवाज आला. दोघी दारात आल्या. दीनानाथ दिवाणखान्यात उभे होते. इस्त्रीचा फिका निळा शर्ट, जो ऑपरेशननंतर घातलाच नव्हता. कॉलर वर घेऊन रुमाल झाकलेला. केस पाणी लावून बसवलेले. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात भोंगा. ते सुनीतीच्या चपला पायाने सरळ करून दारासमोर लावत होते.

सुनीती घरातल्या साडीवर उभी होती. तिने सुरुचीकडे पाहिलं नाही.

"आलेच," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या."

दीनानाथांनी घड्याळाकडे बोट केलं आणि एक छोटासा सूर काढला, वर नेऊन खाली सोडलेला. पाच मिनिटांबद्दलचा टोमणा असणार. लग्न झाल्यापासून तो एकच होता.

"आई, मी पण येते," सुरुची आतल्या खोलीत जाऊन म्हणाली.

"नको." सुनीती साडीच्या निऱ्या घालत होती, त्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या. "दोघांनी जायचं त्यांनी ठरवलं असेल तर दोघांनीच जावं. जिथे जायचं ते त्यांना माहीत आहे. मी नुसती बरोबर असेन."

"पण रस्त्यात कुणाशी..."

"पिन दे ती."

सुरुचीने पिन दिली.

दार लागलं. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला, मध्ये एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. सुरुची गॅलरीत आली. कर्वेनगरच्या त्या गल्लीत रविवारच्या संध्याकाळची गडबड नुकती सुरू होत होती. समोरच्या सोसायटीतली मुलं सायकली काढत होती, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपड्यांचे गठ्ठे बांधत होता. फाटकातून दीनानाथ आधी बाहेर पडले. त्यांनी मागे वळून सुनीतीसाठी फाटक धरलं. फाटक सोडून ते रस्त्याच्या कडेला गेले आणि पिशवीचा हात वर केला.

पहिलीच रिक्षा थांबली.

दीनानाथ वाकले. त्यांनी भोंगा कॉलरखाली गळ्याला लावला. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, मग इंजिन बंद केलं. दीनानाथांनी पुन्हा सांगितलं. रिक्षावाल्याने कानामागे हात धरला. त्याने दोन ठिकाणांची नावं घेतली असावीत, कारण दीनानाथांनी दोनदा नकारार्थी मान हलवली. मग रिक्षावाल्याने त्यांच्या पलीकडे, सुनीतीकडे पाहिलं आणि हाताने विचारलं: कुठे?

सुनीती पर्स दोन्ही हातांत धरून उभी होती.

दीनानाथ सरळ झाले. ते वळून सुनीतीकडे पाहू लागले, आणि पाहतच राहिले. सुनीतीने नजर खाली घेतली, रस्त्याकडे, रिक्षाच्या चाकाकडे, आणि मग जायला दुसरी जागा नसल्यासारखी वर, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे. तिच्या नजरेमागोमाग दीनानाथांनीही वर पाहिलं.

सुरुचीने कठडा धरला.

अंगठा अजून त्यांच्या गळ्याशीच होता. वर बघतच त्यांनी ओठ हलवले, सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढत, लहान मुलाला सांगावं तसं. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. कुठेही फाटत नव्हता.